सातव्या भागातलं पाणी

रविवार, दोन नोव्हेंबर. संध्याकाळचे सात. ठिकाण आमची बाहेरची खोली. हजर: माझे सासरे म्हणजे आबा, आमचे हे, शेजारच्या ताराकाकू आणि मी. मुलगी ऋतुजा पुण्याला तिच्या खोलीवर मालिकेचा तोच भाग लावून फोनवर हजर. गैरहजर: ओढ्यापलीकडची विमल आणि तिची आई गजराबाई. त्या दोघी तिसऱ्या भागानंतर आलेल्या नाहीत.

पहिल्या भागाला याच खोलीत सव्वीस माणसं होती. चहाचे कप मीच मांडले होते, त्यामुळे आकड्यात चूक नाही. प्रत्येकाला पडद्यावर आपलं तोंड शोधायचं होतं. कुणाचा खांदा दिसला, कुणाचा बैल दिसला, की खोलीभर हसू पसरायचं. तोंडं शोधून झाली तशी माणसं कमी होत गेली.

मालिका शंभर वर्षांपूर्वीच्या गावाची आहे. घाटाखालचं गाव, एक शाळामास्तर आणि एक विहीर, जिच्यावर गावातल्या काही माणसांना पाय ठेवता येत नाही. आठ रविवार, आठ भाग. पेपरांत भरभरून लिहून आलंय. मी लोणावळ्यात ज्या रिसॉर्टवर काम करते तिथं पाहुणे नाश्त्याच्या टेबलावर तिच्याबद्दल बोलतात आणि ती विहीर इथून जवळ आहे का, असं विचारतात. जवळ आहे. कार्ल्याच्या डोंगराखाली, आमच्या परसाच्या मागं.

तर सातव्या भागात मास्तर वाट अडवणाऱ्या लोकांमधून चालत जातो, स्वतः पोहरा ओढतो आणि बाहेर ताटकळलेल्या बायकांना हाक मारतो. मग एका म्हातारीचा चेहरा पडदा भरून येतो. मग दोन हातांची ओंजळ आणि तिच्यात पडणारं पाणी. मग पुन्हा तोच चेहरा, डोळे मिटलेला. मागं बासरी.

ती म्हातारी म्हणजे गजराबाई. ताराकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. फोनमधून ऋतुजानं नाक ओढलेलं ऐकू आलं. आबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "दिलं बाबा पाणी शेवटी. प्याली ती."

गजराबाई पाणी प्यायल्या नाहीत. ते हात त्यांचे नाहीत. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं, आणि मी उठून कुकर लावायला गेले.

यंदा पाऊस जाता जाईना. दसरा झाला, दिवाळी झाली, तरी दुपारी चारला आभाळ भरून यायचं. कापून टाकलेलं भात शेतातच भिजलं. ओल्या पेंढीला पहिल्या दिवशी गोड वास येतो, इंद्रायणी तांदळाचा असतो तसाच, थोडा जास्त. तिसऱ्या दिवशी तो आंबतो. पाचव्या दिवशी पेंढी उचलली की खालून ऊब येते आणि लोंबीवर पांढरे कोंब दिसतात. यंत्रानं कापू म्हटलं तर यंत्र चाकापर्यंत रुतलं. ते ओढायला आलेला ट्रॅक्टरही रुतला. शेवटी विळे काढले. जे वाचलं ते आम्ही रस्त्याच्या कडेला प्लास्टिकवर पसरलंय. बाजूनं पर्यटकांच्या गाड्या जातात, काही जण काच खाली करून फोटो काढतात. आबा काठीनं भात हलवत बसतात. सगळ्या घराला, टॉवेलांना, माझ्या ड्यूटीच्या साडीलासुद्धा तो आंबूस वास लागलाय.

दोन वर्षांपूर्वीची कापणी अशी नव्हती. ती आठवते ती कोरडी. सकाळी नऊपर्यंत धुकं, डोंगर अर्धाच दिसायचा, आणि मग एकदम ऊन पडायचं. शेतं पिवळी. विळ्याचा करकर आवाज बांधाबांधावरून. हवेत भाताची बारीक कूस, गळ्यात खाजणारी. एवढा चांगला हंगाम मी त्याआधी कधी पाहिला, ते आठवत नाही. वाईट गोष्ट घडायला हवामान वाईट असावं लागतं, असं काही नसतं.

त्याच हंगामात शूटिंग झालं. मालिकेची माणसं आमच्या रिसॉर्टवर उतरली होती. मी तिथं अठरा वर्षं आहे, हाउसकीपिंग माझ्याकडं. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, खोल्यांच्या किल्ल्या, कोण रजेवर, कोण पाळीवर, सगळ्याच्या याद्या माझ्या वहीत. चादरींच्या खोलीचं काम विमलकडं. ती आमच्याच गावची, माझ्याच वयाची. ड्यूटीवर ती मला मॅडम म्हणते, गावात वैनी. मी तिला दोन्हीकडं विमल म्हणते. अठरा वर्षांत हे मला खटकलं नव्हतं.

तर मालिकेसाठी माणसं गोळा करणारे एक साहेब रिसेप्शनला मॅनेजरांना सांगत होते की त्यांना चाळीस माणसं हवीत, खरी, मातीतली. मॅनेजरांनी माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, यांना सांगा, यांच्या यादीबाहेर इथं काही नसतं. मला ते ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं, हे लिहून ठेवलं पाहिजे.

कापणीच्या दिवसांत चाळीस माणसं मिळवणं सोपं नसतं. मी एका संध्याकाळी घरोघर फिरले. प्रत्येक घरातला एक जण शेतावर राहील आणि कुणाचंच भात अडणार नाही, अशी वाटणी केली. नाव, वय, उंची, फोन नंबर, गाडीत कुठं बसणार, असे रकाने आखले. गाड्या दोन होत्या. पहिली मारुतीच्या देवळापाशी थांबणार होती. वस्तीच्या बोळात जीप वळत नाही, म्हणून दुसरी ओढ्यावरच्या मोरीपाशी. मी नावं गाड्यांप्रमाणे लावली. पहिल्या पानावर सव्वीस, दुसऱ्यावर चौदा. वरती एक पिन.

दुसऱ्या पानावरची सगळी नावं ओढ्यापलीकडची होती. बौद्ध वस्तीतली.

सकाळी सातला गाड्या आल्या. साहेबांनी यादी पाहिली, शाबासकी दिली, पिन काढली आणि दोन पानं दोन माणसांच्या हातात दिली. पहिलं पान गावकऱ्यांच्या कपड्यांच्या तंबूत गेलं. दुसरं बाहेरच्यांच्या.

मी चादरींच्या हिशेबात मुरलेली बाई, मला हे कळायला दोन तास लागले. नऊ वाजता विमल तंबूतून बाहेर आली ती काळपट, जागोजागी ठिगळ लावलेल्या लुगड्यात, तोंडाला राख चोळलेली. पहिल्या पानावरच्या ताराकाकू हिरव्या इरकलीत आणि नथीत उभ्या होत्या. विमलनं स्वतःकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, हे आपल्या लॉन्ड्रीत टाकू नका. बाकीच्या चादरी बाद होतील."

मी हसले. तीही हसली. इतक्या वर्षांच्या सवयीनं हसलो.

नंतर मी साहेबांना गाठलं आणि विचारलं, हे कुणी ठरवलं? माणूस वाईट नव्हता. खरोखर गोंधळून माझ्याकडं बघत राहिला. "ताई, तुमच्या यादीत आधीच दोन भाग होते. मला सोपं पडलं."

मी गाड्यांप्रमाणे नावं लावली होती, हे खरं आहे. पण मोरीपाशी गाडी थांबवायची आणि तिथं पान संपवायचं, हे मला इतकं सहज सुचलं कसं? मग आठवत गेलं. लग्नाच्या पत्रिका वाटायची यादी, पोलिओच्या डोसाची यादी, गणपतीच्या वर्गणीची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची. आमच्या गावातली कुठलीही यादी ओढ्यापाशी पान बदलते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हातात दिलेली पहिली यादीही तशीच होती. मी फक्त अक्षर सुधारलं आणि रकाने आखले.

दुसऱ्या पानावरचे दोघे जण कपडे घालायलाच नको म्हणाले. निघून गेले आणि रस्त्यावरच्या टपरीवर चहा पीत बसले. माझ्या यादीत हजेरीचा रकाना होता, शेवटी कारणाचा. मी दोघांपुढं गैरहजर लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: माहीत नाही. ती वही माझ्याकडं अजून आहे. अक्षर नेहमीसारखं नीट आहे.

विहीर गावाची म्हणतात, पण आमच्या घराण्यानं बांधलेली, आमच्या परसाच्या हद्दीवर. नळ आले तशी ती मागं पडली. वर लोखंडी जाळी टाकलेली, आत मोटारीचा पाइप. शूटिंगवाल्यांनी जाळी काढली, पाइप काढला, काठावरच्या सिमेंटवर माती लिंपली, नवा राट बसवला आणि तो जुना दिसावा म्हणून खरवडला. दोन दिवसांत विहीर शंभर वर्षं मागं गेली.

गजराबाई त्र्याऐंशीच्या. आबांपेक्षा एका वर्षानं मोठ्या. त्यांना मी यादीत घेतलं नव्हतं, उन्हाचा त्रास होईल म्हणून. पण विमल येणार म्हटल्यावर त्या हट्टानं जीपमध्ये बसल्या, पांढरं स्वच्छ पातळ नेसून. साहेबांना त्यांचा चेहरा फार आवडला. नाव शेवटी मी पेनानं जोडलं, दुसऱ्या पानावर, पंधरावं. पातळ बदलायला लावलं.

दुपारी दोन शॉटच्या मधे आम्ही जांभळीखाली बसलो होतो. गजराबाईंनी पान लावलं, मला दिलं, आणि गप्पा मारल्यासारखं सांगायला लागल्या की त्या लहान असताना आईबरोबर याच जागी उभ्या राहायच्या. इथंच, चार पावलं अलीकडं असेल. मडकी खाली ठेवून. कुणी आलं आणि त्याला दया आली तर वरून ओतायचं. कधी सकाळची उन्हं डोक्यावर यायची. "तुमचा आबा तवा शेंबडा. त्याला लय हौस वतायची. दगडावर चडून उंचावरनं वतायचा, निम्मं मडक्यात आन् निम्मं आमच्या डोस्क्यात." एवढं बोलून त्या हसल्या, आणि विमल पानाच्या देठाशी चाळा करत खाली बघत राहिली.

मी विचारलं, मग पुढं कधी आलात की नाही विहिरीवर? त्या म्हणाल्या, छप्पन साली आमच्या माणसांनी दीक्षा घेतली, मागून वस्तीला सरकारी विहीर झाली. मग कोण कशाला येतंय हितं.

म्हणजे त्यांनी ती विहीर आतून कधीच पाहिली नव्हती. हे गणित मी तेव्हा केलं नाही. आता करते.

तिसऱ्या वेळेला कॅमेरा सुरू झाला. बायका ठरल्या जागी उभ्या होत्या. सगळं शांत, फक्त लांब कुणाच्या तरी शेतात झोडपणी चाललेली, तिचा धप्प धप्प आवाज. आणि गजराबाई निघाल्या. घाई नाही, काही नाही, जसं आपण आपल्या दारातून ओट्यावर जावं तशा विहिरीकडं चालायला लागल्या. दोन हातांवर काठ राहिला. दिग्दर्शकांनी हात वर केला, पण कॅमेरा चालूच ठेवला. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, कारण त्यांना नाव माहीत नव्हतं आणि यादी माझ्या हातात होती.

मी हाक मारली, "आजी, मागं या."

माझा आवाज मोठा आहे. लांबलचक व्हरांड्यांच्या दुसऱ्या टोकाला हाका मारून झालेला. त्या थांबल्या. वळल्या. मागं आल्या, आपल्या जागी उभ्या राहिल्या. माझ्या बाजूनं जाताना, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "पाणी किती हाय तेवडंच बगायचं व्हतं."

मग त्यांनी डोळे मिटले. कॅमेरा तेव्हाही चालू होता. त्यांच्या कानामागं गवताची एक काडी अडकली होती, ती मला काढावीशी वाटली आणि मी काढली नाही.

सातव्या भागात ओंजळीनंतर जो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा येतो, ज्याला पेपरात तृप्तीचा चेहरा म्हटलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, त्याच्या कानामागं ती काडी आहे. मी कुकरची शिट्टी होईपर्यंत स्वयंपाकघरात उभी होते ती त्या काडीमुळे.

त्या संध्याकाळी जीपमध्ये बसताना गजराबाईंनी मला विचारलं होतं की झालं का आमचं काम. मी साहेबांना विचारून सांगितलं की पाणी प्यायचा सीन राहिलाय, त्यासाठी परत बोलावणार आहेत. त्यांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला की तो सीन इथं करणार नाहीत, हात मुंबईच्या सेटवर घेऊ, माणसं नकोत. मी वहीतल्या त्या ओळीवर रेघ मारली. काम संपलं की मी रेघ मारते. गजराबाईंना कळवायचं, हे वेगळं काम आहे, असं मला सुचलं नाही. सुचलं असेल तर मी ते लिहिलं नाही, आणि जे लिहिलं नाही ते माझ्याकडून होत नाही.

दोन वर्षं त्या विमलला विचारत राहिल्या म्हणे, वैनीचा काही सांगावा? विमलनं मला कधी सांगितलं नाही, कारण तिला वाटलं मला माहीत असणार.

मग या वर्षी मालिका लागली. तिसऱ्या भागात विहिरीपाशी ताटकळणाऱ्या बायका पहिल्यांदा आल्या. विमल आणि गजराबाई याच खोलीत होत्या. मी खुर्ची दिली तरी गजराबाई उंबऱ्याजवळ खाली बसल्या होत्या. भाग संपला, दिवे लावले. ताराकाकूंना रडू आवरत नव्हतं. त्यांनी विमलचा हात धरला आणि मनापासून म्हणाल्या, "किती खरं केलंस गं. तुला शिकवायची गरजच पडली नसंल."

ताराकाकू प्रेमळ बाई. माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस माझ्याजवळ होत्या. त्यांना आजही कळलेलं नाही की त्या काय बोलल्या. विमलनं हात हळूच सोडवून घेतला, आईला उठवलं, चपला घातल्या. त्यानंतर ती आली नाही. गजराबाई मात्र घरी बसून प्रत्येक भाग बघायच्या. विमल बंद कर म्हणाली की म्हणायच्या, थांब, पाणी देत्यात का ते बगू दे.

मी पुढं बघावं की नाही, हा प्रश्न मला तिसऱ्या भागापासून पडला. असे प्रश्न मी कागदावर सोडवते. मधे रेघ ओढली, एका बाजूला बघण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला न बघण्याची. बघण्याच्या बाजूला बरंच जमलं. मालिका चांगली आहे, हेच तर अवघड आहे. मास्तरचं काम करणारा माणूस खडू हातात धरतो तेवढ्यावरून कळतं की त्यानं काम समजून केलंय. आमचं शेत सकाळच्या धुक्यात असं दिसतं, हे मला पंचवीस वर्षं तिथं राबून कळलं नव्हतं. ऋतुजा म्हणते, आई, हे घराघरात बघायला हवं, आपल्यासारख्या घरांत तर नक्कीच. तिचं खरं आहे. जो माणूस ती बघून अस्वस्थ होईल, तो उद्या कुठं तरी थोडा नीट वागेल. दुसऱ्या बाजूला मी फक्त "गजराबाई" असं लिहिलं आणि कागद वहीत ठेवून दिला. बघणं चालू ठेवलं. बंद केलं असतं तर कुणी तरी कारण विचारलं असतं.

आणि आबा. आबा एकही भाग चुकवत नाहीत. ब्याऐंशी वर्षांचा माणूस सातला दहा मिनिटं कमी असताना तोंड धुऊन, टोपी घालून खुर्चीत बसतो. गावातल्या दुष्ट पाटलाचं काम करणारा नट आला की त्याला शिव्या घालतो. प्रत्येक भागानंतर एकच वाक्य: "लय खरं दावलंय." मी ते सात वेळा ऐकलं.

सोमवारी, तीन तारखेला, चादरींच्या खोलीत विमल उशांचे अभ्रे मोजत होती. मी आत गेल्यावर मोजणं थांबवलं नाही. दहाचा गठ्ठा बांधला, बाजूला ठेवला, मग बोलली. सातवा भाग झाल्यावर वस्तीतल्या बायका अभिनंदन करायला आल्या होत्या. कुणी तरी पेढे आणले. आईनं पेढा घेतला, तोंडात घातला नाही, हातात धरून बसली. बायका गेल्यावर म्हणाली, तोंड माझं आन् हात दुसरीचं.

विमलनं आणखी एक गठ्ठा बांधला. तिची आई दिवाळीपासून अंथरुणाला आहे, धाप लागते, हे मला त्याच दिवशी कळलं. दवाखान्याच्या खेपा, औषधं, सगळं तिनं एकटीनं चालवलंय. मला का नाही सांगितलं, असं विचारायचा हक्क मला आहे का, हे मला ठरवता आलं नाही. म्हणून विचारलं नाही.

"तिनं तुम्हाला निरोप दिलाय," विमल म्हणाली. "तिच्याच शब्दांत सांगते. वैनीला म्हणावं, यादी तुज्याकडं हाय. आबाला सांग, मी न्हाई प्याले."

मी विचारलं, आबांनाच का?

"मी नाही विचारलं, मॅडम. मी फक्त निरोप आणलाय." आणि ती पुन्हा मोजायला लागली.

मला वाटतं, विचारायची गरज नव्हती. त्या विहिरीच्या काठावर उभे राहिलेल्यांपैकी आता गावात एकटे आबाच उरलेत. बाकी सगळे गेले. प्यायली नाही, हे ज्याला सांगता येईल असं दुसरं माणूस नाही. आणि गजराबाईंना सांगण्याची घाई आहे. त्यांची धाप वाढली आहे.

आबांना मात्र सातव्या भागानंतर बरं वाटतंय. मी घरातल्यांची औषधं, झोप, जेवण यांवर लक्ष ठेवते, त्यामुळे मला दिसतं. रविवारपासून ते सबंध रात्र झोपतात. सकाळी भाकरी एक जास्त खातात. मंगळवारी अंघोळीचं पाणी काढायला सांगताना सहज म्हणाले, "ह्या ऐतवारी गजराला बोलव. मधल्या खुर्चीत बसव. शेवटचा भाग हाय, बगंल तरी सोताला." जणू कुठलं तरी देणं फिटलं आणि आता पंगतीला बोलवायला हरकत नाही. गजराबाई अंथरुणाला आहेत, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग गाडी पाठव.

काल बुधवारी सुटी होती. ऊन बरं पडलं होतं. मी रस्त्याच्या कडेला आबांच्या शेजारी भात पसरत बसले. कोंब आलेल्या लोंब्या वेगळ्या काढायच्या, बऱ्या वेगळ्या. डोंगराकडून थंड वारा येत होता आणि वासाचा तेवढाच विसर पडत होता. मी वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. सुरुवातही केली. आबा, त्या सातव्या भागात म्हातारीला पाणी देतात ना, म्हटलं.

"लय खरं दावलंय," आबा म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत, खरं आहे ते?"

आबांची काठी थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. समोर पसरलेल्या भाताकडं, मग मोरीच्या दिशेला, मग पुन्हा भाताकडं पाहिलं. एक बस गेली, तिच्या वाऱ्यानं प्लास्टिकचा कोपरा उडाला आणि मी तो दगडानं दाबला. मग ते म्हणाले, "ती कड वली राहिलीय. पलटव."

मी पलटवली. सगळी कड पलटवून झाली, दुसरीही पलटवली. दोन तास होते, आम्ही दोघंच होतो.

आज गुरुवार. वहीत या आठवड्याची अकरा कामं होती, दहांवर रेघ आहे. विहिरीवर जाळी परत टाकून घेणं, हे तर दोन वर्षांपूर्वीच झालंय, शूटिंग संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, वेल्डिंग करून. अकराव्या कामापुढं दोन वाक्यं लिहिली आहेत. आबा, गजराबाई पाणी प्यायल्या नाहीत, हे पहिलं. ते निरोपाचं आहे. दुसरं निरोपात नाही, ते मी घातलंय: त्या विहिरीपर्यंत पोचल्या होत्या, त्यांना मागं मी बोलावलं.

रविवारी सातला शेवटचा भाग आहे. आबांना अजून सांगितलेलं नाही.